अमेरिकन म्हणजे नेमकं कोण? अडीचशे वर्षांपूर्वी कागदावर सुरू झालेला वाद

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशावर सही केली. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला आपोआप नागरिकत्व मिळणार नाही, असं त्या आदेशाचं म्हणणं. एच-१बी व्हिसावर तिथे राहणारी मराठी कुटुंबंही त्याच्या कक्षेत येत होती. आदेशाला लगेच न्यायालयांत आव्हान मिळालं आणि 'अमेरिकन कोण?' हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. योगायोग असा की ४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पूर्ण होण्याची तारीख.

बातम्यांमध्ये हा विषय कलमं आणि निकाल यांच्या भाषेत येतो. पण त्या कलमांच्या कितीतरी आधी हा प्रश्न लेखकांनी विचारला होता. पत्रकं, काल्पनिक पत्रं, कविता, शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रातले निबंध अशा सगळ्या प्रकारांतून त्यांनी उत्तरं दिली, आणि ती उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. आजचा वाद समजून घ्यायचा तर ती न जुळलेली उत्तरं पाहिली पाहिजेत.

एक संज्ञा आधी स्पष्ट करू. 'राष्ट्रीय ओळख' म्हणजे 'आपण' म्हणताना एखादा समाज त्यात कोणाकोणाला धरतो आणि कशाच्या आधारावर धरतो, याचं उत्तर. आधार वंशाचा असू शकतो, जमिनीचा, भाषेचा, धर्माचा, किंवा सगळ्यांनी मान्य केलेल्या एखाद्या वचनाचा.

वेगळं व्हायचं, पण कशाच्या जोरावर?

एकत्र कुटुंबातला धाकटा भाऊ वेगळी चूल मांडतो, तेव्हा आडनाव तेच असतं, देव तेच, स्वयंपाकाची पद्धतही तीच. भांडण हिश्शाचं असतं. पण लोकांना सांगताना 'आमची रीतच वेगळी' असं म्हणावं लागतं, नाहीतर वेगळं होणं पटत नाही. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींची गत साधारण अशीच होती. कायदा इंग्लंडचा, बहुतेकांची भाषा इंग्रजी, वाचायची पुस्तकं लंडनहून आलेली. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांची तक्रारही 'आम्हाला इंग्रज माणसाचे हक्क मिळत नाहीत' अशीच होती. म्हणजे ते स्वतःला इंग्रजच मानत होते.

ही चौकट मोडायला एक नवखा माणूस लागला. थॉमस पेन इंग्लंडमध्ये वाढलेला, आधी कॉर्सेट शिवणारा आणि मग अबकारी खात्यातून दोनदा काढलेला. नोव्हेंबर १७७४ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याने 'कॉमन सेन्स' हे पत्रक निनावी छापलं. त्याची युक्ती भाषेत होती. लॅटिन अवतरणं टाळून बायबलमधले सर्वांना ठाऊक असलेले दाखले, छोटी वाक्यं आणि थेट प्रश्न. 'इंग्लंड ही आपली मातृभूमी, तिच्याशी कसं लढायचं?' या भावनेवर त्याने असा घाव घातला: अमेरिकेची मातृभूमी इंग्लंड नाही, सगळा युरोप आहे, इथे आलेले लोक तर जुलमातून पळून आलेले आहेत. पुढे तो म्हणतो की पेनसिल्व्हेनिया प्रांतात एक तृतीयांश लोकसुद्धा इंग्रज वंशाचे नाहीत.

इथे 'आपण'चा पाया पहिल्यांदा हलला. पूर्वजांऐवजी छळातून सुटून येण्याचा अनुभव हा नवा आधार ठरला. पण गुलाम म्हणून बांधून आणलेल्या आफ्रिकी माणसाला आणि आधीपासून तिथेच असलेल्या मूळ रहिवाशाला या व्याख्येत जागाच नव्हती. सुटून आलेला फक्त युरोपियन होता.

'नवा माणूस' आणि त्याच्या सहा गाई

'अमेरिकन म्हणजे काय?' हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारला तो क्रेव्हकूर या फ्रेंच माणसाने. नॉर्मंडीत जन्म, कॅनडात फ्रेंच सैन्यात नोकरी, मग न्यूयॉर्क वसाहतीत शेती. १७८२ मध्ये लंडनमध्ये त्याचं 'एका अमेरिकन शेतकऱ्याची पत्रं' हे पुस्तक निघालं. जेम्स नावाचा काल्पनिक शेतकरी त्यात पत्रं लिहितो. तिसऱ्या पत्रात तो एका घराचं उदाहरण देतो: आजोबा इंग्रज, त्यांची बायको डच, मुलाने केली फ्रेंच मुलगी, आणि आताच्या चार नातवांच्या बायका चार वेगवेगळ्या देशांच्या. सगळ्या देशांची माणसं इथे वितळून एक नवी जात तयार होते, असं तो म्हणतो. अमेरिकेला वितळण्याच्या भांड्याची उपमा पुढे फार प्रसिद्ध झाली. तिचं बीज इथलं.

हे वितळणं घडतं कशामुळे? क्रेव्हकूरचं उत्तर हवेतलं नाही, पोटाचं आहे. स्थलांतर करणाऱ्यांचं ब्रीद म्हणून तो एक लॅटिन वचन देतो: जिथे भाकरी, तिथे देश. त्याच पत्राच्या शेवटी स्कॉटलंडजवळच्या बेटांवरून आलेल्या अँड्र्यूची हकिगत येते. अँड्र्यू १०० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतो, झाडं तोडून घर बांधतो, आणि चार वर्षांनी त्याच्या मालमत्तेचा तपशील लेखक हिशेबाच्या वहीसारखा मांडतो. जमिनीतल्या सुधारणा आणि पट्टा २२५ डॉलर, सहा गाई ७८, दोन घोड्या ५०, तळघरातलं मांस २८, नांगर आणि अवजारं ३१. बाकीचं धरून एकूण ६४० डॉलर. याच अँड्र्यूला मत मिळतं, तो रस्त्यांचा देखरेख्या होतो, दोनदा ज्यूरीत बसतो. या यादीतच क्रेव्हकूरची व्याख्या आहे, असं मला वाटतं: कष्ट, त्यातून मालमत्ता, तिच्यातून मत आणि मतातून आपलेपणा. आजही 'अमेरिकन ड्रीम'बद्दल बोलताना लोक हीच साखळी सांगतात.

ही साखळी तुटते कुठे, हेही त्याच पुस्तकात आहे. 'नवा माणूस' युरोपियन किंवा युरोपियनाचा वंशज असतो, असं त्याने तिसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलंय. नवव्या पत्रात जेम्स दक्षिणेतल्या चार्ल्सटनला जातो. तिथे झाडाला टांगलेल्या पिंजऱ्यात मरणासाठी सोडलेला एक गुलाम त्याला दिसतो; पक्ष्यांनी त्याचे डोळे फोडलेले असतात. पाणी पाजण्यापलीकडे जेम्स काही करत नाही आणि ठरल्याप्रमाणे मळेवाल्याच्या घरी जेवायला जातो. शेवटच्या पत्रात युद्ध दाराशी आल्यावर हाच शेतकरी बायकामुलांना घेऊन मूळ रहिवाशांच्या गावात जाऊन राहायचं ठरवतो. शाळा-कॉलेजांत सहसा तिसऱ्या पत्राचेच उतारे नेमतात, त्यामुळे पुस्तकातली आशा तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि तिचा भंग मागे पडला.

पण हे सगळे मुळात इंग्रजच होते ना?

असा आक्षेप आजही घेतला जातो, आणि त्याला जुना आधार आहे. ३१ ऑक्टोबर १७८७ रोजी, नव्या राज्यघटनेच्या बाजूने चाललेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेतला दुसरा लेख निघाला. लेखक होता जॉन जे ('जे' हे आडनाव). त्याने लिहिलं की परमेश्वराने हा देश एकसंध लोकांना दिला आहे: एकाच पूर्वजांचे वंशज, एक भाषा, एक धर्म, सारख्या चालीरीती. म्हणजे पेन आणि क्रेव्हकूर यांच्या बरोबर उलट.

जॉन जे याच्या स्वतःच्या घरातच हे खोटं ठरत होतं. त्याच्या वडिलांकडचं घराणं फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांचं, आईकडचं डच. पेनसिल्व्हेनियातल्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा जर्मन होता. जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सगळ्यांत आधी, ५ जुलै १७७६ला, ज्या वर्तमानपत्राने दिली ते फिलाडेल्फियातलं जर्मन भाषेतलं वर्तमानपत्र होतं. बेंजामिन फ्रँकलिनने तर १७५१ मध्येच कुरकुर केली होती की हे जर्मन आपल्यात मिसळण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील. १७९०च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख माणसं मोजली गेली. त्यांतली जवळपास ७ लाख गुलाम होती. मूळ रहिवाशांचे समाज त्या मोजणीत धरलेच नव्हते.

मग जॉन जे याने असं का लिहिलं? कारण त्याला तेरा राज्यांना एका घटनेखाली आणायचं होतं. 'तुम्ही आधीच एक आहात' असं सांगितलं की 'एक व्हा' हे मागणं सोपं जातं. असे मजकूर वाचताना ही खूणगाठ बांधावी: लेखक वर्णन करतोय असं दिसतं, पण बऱ्याचदा तो मागणी करत असतो. वाक्य वर्तमानकाळात असलं तरी त्यातली इच्छा भविष्यातली असते.

अस्वलाचं वजन आणि शब्दांचं स्पेलिंग

युरोपला उत्तर देणं ही या लेखकांची मोठी गरज होती. ब्यूफाँ या नामवंत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं मत होतं की अमेरिकेची हवा थंड आणि दमट असल्यामुळे तिथले प्राणी लहान आणि दुबळे निपजतात. जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफरसन याला हे इतकं झोंबलं की 'व्हर्जिनिया राज्याविषयी टिपणं' या पुस्तकात (पॅरिसमध्ये खासगी छपाई १७८५, लंडन आवृत्ती १७८७) त्याने प्राण्यांच्या वजनांचे तक्तेच दिले. अस्वल युरोपात १५३.७ पौंड, अमेरिकेत ४१०. एवढ्यावर न थांबता त्याने न्यू हॅम्पशायरहून मूस जातीच्या प्रचंड हरणाचा सांगाडा आणि कातडं जहाजाने पॅरिसला मागवलं.

हा हट्ट पोरकट वाटू शकतो, पण त्यामागचा विचार गंभीर होता. जमीनच माणसाला खुजं करते असं ठरलं, तर तिथे जाऊन वसणार कोण? देशाच्या प्रतिष्ठेचा पाया जमिनीत आहे, ही कल्पना इथून पुढे अमेरिकन साहित्यात घट्ट झाली. १७९९ मध्ये चार्ल्स ब्रॉकडेन ब्राऊन या कादंबरीकाराने प्रस्तावनेतच सांगितलं की पडक्या गढ्या आणि भुतं युरोपला लखलाभ. अमेरिकन लेखकाने पश्चिमेकडची रानं आणि तिथले धोके रंगवावेत.

भाषेचं काम नोआ वेबस्टरने उचललं. १७८३ मध्ये त्याचं स्पेलिंगचं पुस्तक निघालं आणि पुढच्या अनेक पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. राजकीय स्वातंत्र्य मिळालं, तरी मुलं लंडनच्या पुस्तकांतून शिकत असतील तर मनाने ती वसाहतीतच राहतील, असं त्याचं म्हणणं. १८२८च्या मोठ्या शब्दकोशात त्याने सुमारे ७०,००० शब्द घेतले. 'कलर' आणि 'ऑनर' यांतलं यू अक्षर गळालं, ते त्याच्यामुळे रूढ झालं. पण 'टंग' आणि 'विमेन' हे शब्द उच्चाराप्रमाणे लिहावेत ही त्याची सूचना कोणी स्वीकारली नाही. एखादं अक्षर कमी करणं लोकांना चाललं. ओळखीच्या शब्दाचा चेहरामोहराच बदलणं चाललं नाही.

या सगळ्यात एक व्यवहाराची अडचण होती आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. १७९०च्या कॉपीराइट कायद्याने १४ वर्षांचं संरक्षण दिलं (लेखक हयात असेल तर आणखी १४), पण ते फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि रहिवाशांना. परदेशी लेखकांना ते १८९१ पर्यंत मिळालं नाही. परिणाम उलटाच झाला. लंडनमध्ये गाजलेली कादंबरी फिलाडेल्फियाचा प्रकाशक फुकट छापू शकत होता, तर अमेरिकन लेखकाला मानधन द्यावं लागायचं. मग नव्या देशी लेखकावर पैसे कोण लावणार? 'अमेरिकन पुस्तक वाचतो कोण?' असा टोमणा इंग्रज लेखक सिडनी स्मिथने १८२० मध्ये एडिंबरोच्या नियतकालिकात मारला, त्यामागे प्रतिभेच्या उणिवेपेक्षा हा हिशेब जास्त होता, असं माझं मत आहे.

ज्यांना 'आपण'मध्ये घेतलंच नाही

१७६१ मध्ये सात-आठ वर्षांची एक आफ्रिकी मुलगी बॉस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून ती आली त्याचंच नाव तिला मिळालं: फिलिस. खरेदी करणाऱ्या व्हीटली कुटुंबात ती इंग्रजी आणि लॅटिन शिकली, कविता लिहू लागली. तिनेच त्या लिहिल्या यावर विश्वास बसावा म्हणून बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांच्या सह्यांचं प्रमाणपत्र पुस्तकाला जोडावं लागलं. पुस्तक १७७३ मध्ये लंडनमध्ये निघालं. पुढच्या वर्षी मूळ रहिवाशांपैकी असलेले धर्मोपदेशक सॅम्सन ऑकम यांना तिने लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं. प्रत्येक माणसाच्या हृदयात देवाने स्वातंत्र्याची ओढ रुजवली आहे, असं ती त्यात लिहिते. आणि ओठांवर स्वातंत्र्य असताना हाताने दुसऱ्यांना दाबणाऱ्यांमधली विसंगती दाखवते. जाहीरनाम्याच्या दोन वर्षं आधी हे वाक्य एका मुक्त झालेल्या गुलाम तरुणीने लिहिलं. त्याच जाहीरनाम्याच्या लेखकाने, जेफरसनने, पुढे तिला कवयित्री म्हणायलाही नकार दिला.

जाहीरनाम्याच्या मजकुरातही ही दुभंग दिसते. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, असं सुरुवातीला म्हटलंय. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा जेफरसनचा परिच्छेद काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत शेवटी मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हटलं, ते मात्र तसंच राहिलं.

मग हे निव्वळ ढोंग नव्हतं का?

लिहिणाऱ्यांकडे पाहिलं तर बऱ्याच अंशी होतं. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. पण छापलेलं वाक्य लिहिणाऱ्याच्या मालकीचं राहत नाही, आणि या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वंशावर आधारलेली व्याख्या बाहेरच्याला वापरता येत नाही, कारण पूर्वज बदलता येत नाहीत. तत्त्वावर आधारलेली व्याख्या कोणीही उचलून मालकासमोर धरू शकतो.

तसं धरलं गेलंही. डेव्हिड वॉकर या बॉस्टनमधल्या जुन्या कपड्यांच्या कृष्णवर्णीय दुकानदाराने १८२९ मध्ये गुलामगिरीविरुद्धचं आपलं 'आवाहन' हे पत्रक छापलं. त्याची रचना त्याने मुद्दाम राज्यघटनेसारखी केली, एक प्रास्ताविक आणि चार कलमं, आणि शेवटी जाहीरनाम्याच्या ओळी देऊन विचारलं: अमेरिकनांनो, तुमचीच भाषा तुम्हाला कळते का? दक्षिणेतल्या राज्यांना त्याची इतकी धास्ती वाटली की अशी पत्रकं बाळगण्या-वाटण्याविरुद्ध तिथे कायदे झाले. १८३६ मध्ये मूळ रहिवाशांपैकी पीक्वॉट समाजाच्या विल्यम एपेस याने बॉस्टनमध्ये भाषण करून वसाहतवाल्यांशी लढलेल्या मेटाकॉम या मूळ रहिवासी नेत्याला जॉर्ज वॉशिंग्टनच्या पंगतीला बसवलं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या परिषदेत स्त्रियांनी जाहीरनाम्याचा साचा घेऊन 'सगळे पुरुष आणि स्त्रिया समान' असं लिहिलं. ५ जुलै १८५२ला रॉचेस्टरमध्ये गुलामगिरीतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी विचारलं की गुलामाच्या लेखी तुमचा चार जुलै म्हणजे काय.

हा धागा पुण्यापर्यंत येतो. पेनच्याच 'राइट्स ऑफ मॅन' या पुस्तकाचा जोतीराव फुले यांच्यावर प्रभाव होता, आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामात औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली.

पण लेखकांच्या लिहिण्याने कायदा थोडाच बदलतो?

लगेच नाही. पण कायदा यांपैकी कोणत्या ना कोणत्या व्याख्येवर उभा असतो, हे तारखांवरून दिसतं. परदेशी माणसाला नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा १७९०चा: दोन वर्षांचा रहिवास असलेली, चांगल्या वर्तणुकीची 'मुक्त गोरी व्यक्ती' पात्र. यात क्रेव्हकूरचं मिश्रण आहे आणि त्याचं कुंपणही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आफ्रिकी वंशाचे लोक नागरिक होऊच शकत नाहीत. यादवी युद्धानंतर, १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ते उलटवलं: अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सगळे नागरिक. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना न्यायालयाने याच कलमाखाली नागरिक मानलं. मूळ रहिवाशांना मात्र सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.

बाहेरून येणाऱ्यांसाठी 'गोरा' हा शब्द तरीही टिकून होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली असूनही, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तो गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. त्याच्या वकिलांपैकी एक होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक. थिंड निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा प्रयत्न केला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम ठेवलं. भारतीयांना नागरिक होण्याचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला, आणि वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये.

आजचा वाद 'तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले' या शब्दांभोवती फिरतो. आदेशाच्या समर्थकांच्या मते त्यात आईवडिलांची कायमची निष्ठा अभिप्रेत आहे. विरोधक म्हणतात की देशाचे कायदे लागू होणारा प्रत्येकजण, राजदूतांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडून, त्यात येतो. पहिल्या वाचनात जॉन जे याच्या लेखाचा सूर ऐकू येतो, दुसऱ्यात वॉकरच्या प्रश्नाचा.

मुळातून वाचायचं असेल तर

हे सगळे मजकूर कॉपीराइटमुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. सुरुवात जाहीरनाम्यापासून करावी, पण तक्रारींच्या यादीसकट. बहुतेक लोक दुसऱ्या परिच्छेदावर थांबतात. मग क्रेव्हकूरचं तिसरं आणि नववं पत्र एकाच बैठकीत. 'फेडरलिस्ट'मधला दुसरा लेख जेमतेम चार-पाच पानांचा आहे. व्हीटलीचं ऑकम यांना लिहिलेलं पत्र एक पानही नाही. वॉकरचं 'आवाहन' लांब आणि तापलेलं आहे. वेळ कमी असेल तर चौथ्या कलमाची शेवटची पानं वाचावीत, जाहीरनाम्याच्या ओळी तिथेच आहेत.